नियम बरोबर, जागा चुकीची

जळगावात सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मे महिन्यात एक फोन ठरलेला. ‘भाऊ, रात्री लाईट गेली, तेव्हापासून बिलिंग उघडत नाही.’ मग रावेरचा केळी व्यापारी असो की भुसावळचा मेडिकलवाला. आणि आपण काय करतो? फायरवॉल, म्हणजे सर्व्हरमध्ये कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारी चाळणी, बंद करून बघतो. चालतंय म्हटल्यावर तसंच सोडून देतो! याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आधी एरर नीट वाचा. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर बहुतेक वेळा त्या पोर्टवर (सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारावर) कोणी ऐकतच नसतं; सर्व्हिसच उठलेली नसते, किंवा ती फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनपुरती, बसलेली असते. लिनक्सची ‘एसएस’ (ss) कमांड ते लगेच दाखवते. बराच वेळ ताटकळत टाइमआउट झालं, तर कुठेतरी ‘ड्रॉप’ आहे, म्हणजे पॅकेट (डेटाचा तुकडा) उत्तर न देता टाकून दिलं जातंय. आणि फायरवॉलडी (firewalld, लिनक्सची फायरवॉल सांभाळणारी सर्व्हिस) पॅकेट नाकारतो तेव्हा समोरच्याला चक्क ‘नो रूट टू होस्ट’ (मशीनपर्यंत वाटच नाही) दिसतं. मग लोक केबल बदलत बसतात.

लाईट गेल्यावरच बिघडलं, तर मला पहिला संशय सेव्ह न केलेल्या नियमाचा. फायरवॉलडीमध्ये ‘परमनंट’ न लिहिता पोर्ट उघडलं, तर ते रीस्टार्टपर्यंतच. उलट, ‘परमनंट’ लिहिलं आणि रीलोड केलं नाही, तर आज काहीच होत नाही. म्हणजे घाईत दोन्हीकडून फसायची सोय आहे.

आता आयपीटेबल्स (iptables), म्हणजे लिनक्समध्ये फायरवॉलचे नियम थेट लिहायची कमांड. नियम वरून खाली तपासले जातात. ॲक्सेप्ट (आत घ्या), ड्रॉप, रिजेक्ट (कळवून नाकारा) यांपैकी पहिला जो लागू पडला, तिथे निकाल. तुम्ही ४४३ (HTTPS चं पोर्ट) उघडणारा नियम ‘अपेंड’ केला, म्हणजे तो सगळ्यात शेवटी गेला. त्याच्या वर ‘सगळं रिजेक्ट’ बसलेलं असेल, तर तुमच्या नियमाला कोणी विचारत नाही. नियमात स्पेलिंगची चूक शोधून काही हाती लागत नाही. नियम बरोबरच असतो. ओळींचे नंबर आणि पॅकेटचे आकडे दाखवणारी यादी काढा आणि डावीकडचा पॅकेटचा आकडा बघा. ब्राउझर पाच-सहा वेळा रिफ्रेश करा. तुमच्या ओळीपुढे शून्यच आणि रिजेक्टपुढचा आकडा वाढतोय, म्हणजे चोर सापडला. तुमची ओळ त्याच्या वर ‘इन्सर्ट’ करा.

दोन्ही आकडे हलत नसतील तर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावा. येणारं पॅकेट त्याला फायरवॉलच्या आधी दिसतं. तिथेही दिसलं नाही, तर तुमच्या नियमांना हात लावू नका. अडचण राउटरवर किंवा क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडवाल्याच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये) शोधा.

जळगावात बसून नंदुरबारच्या सर्व्हरवर पोर्ट २२ चे (म्हणजे SSH चे, ज्यावरून तुम्ही लांबून लॉगिन करता) नियम बदलणार असाल, तर ‘आयपीटेबल्स-अप्लाय’ वापरा. नवे नियम लावून तो तुमच्या होकाराची वाट बघतो. काही सेकंदांत उत्तर आलं नाही, तर जुने परत आणतो. नाहीतर चूक झाली की तुम्हीच बाहेर, आणि मग नंदुरबारला जायला ताप्ती लाईनची गाडी आहेच.