पोट खाण्याचं नव्हतंच

नमस्कार नाशिककर मंडळी, आज जरा माझ्या अंगाबद्दल बोलतो, कारण लहानपणापासून सगळे त्याबद्दलच बोलत आलेत. मी 31 वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त न बनण्याचा जन्मजात आजार, दर वीस दिवसांनी रक्त चढवावं लागतं. आईपप्पा दोघंही मायनर, म्हणजे त्रास नाही पण दोष अंगात, त्यांना पत्ताच नव्हता, आणि दोघं मायनर असले की प्रत्येक बाळाला मेजर व्हायची चारात एक शक्यता असते, म्हणून लग्नाआधी एचबीए टू ची, म्हणजे मायनर आहे का ते सांगणारी रक्ताची टेस्ट करा, हे आधीच सांगून टाकतो.

उंची खुंटलेली, गालाची हाडं वर, रंग काळवंडलेला. मागच्या दिवाळीत मेन रोडला शर्ट घ्यायला गेलो तर काउंटरवरचे काका म्हणाले, बाळा मुलांचं सेक्शन वरती, पप्पा कुठेत? शर्ट न घेताच परत आलो आणि त्या रात्री जेवलो नाही, म्हटलं निदान पोट तरी आत जाईल, मग दोन महिने रात्री नुसता चहा-टोस्ट. पण ते पोट खाण्याचं नव्हतंच हो, पाणथरी (प्लीहा) वाढलीय म्हणून ते पुढे आलंय, उपाशी राहून काय होणार, नुसता थकवा वाढला.

त्यात आमची मावशी, प्रेमानेच, दर वेळी खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, "खा रे, रक्त वाढतं". आमच्यात उलटं असतं, रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, हृदयात, लिव्हरमध्ये साठतं, त्यासाठी रोज गोळी. हे कळल्यावर मी मेथी-पालकालाही घाबरायला लागलो. शेवटी डॉक्टर मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं, ताटातलं अंगी लागतं ते थोडेच मिलिग्रॅम, लोहाचं टॉनिक नको, कलेजी नको, जेवणासोबत चहा घे, पण भाजी, डाळ, दूध सोडू नकोस, तुमची हाडं आधीच ठिसूळ.

इतकी वर्षं वजन झालं, फेरिटिन (साठलेल्या लोहाची टेस्ट) झालं, पण जेवण जातं का, आरशात बघवतं का, हे मॅडमच्या आधी कुणी विचारलंच नव्हतं. ते विचारा ना, डॉक्टरांनी पण, घरच्यांनी पण. "किती बारीक झालास" हे आम्हाला माहीत असतं.

परवा मावशी आली, हातात डबा नव्हता. म्हणाली, तुला काय खावंसं वाटतंय? मी म्हटलं, मिसळ, आणि रविवार होता म्हणून दोघं पंचवटीत जाऊन अर्धा तास लाइनीत उभे राहिलो.