दाराशी ठेवलेले स्टूल

नागपूरच्या महाल भागातल्या या जुन्या घरात, मधल्या खोलीच्या दाराशी, एक लाकडी स्टूल ठेवलेले आहे. त्यावरचे हे पांढुरके वर्तुळ गरम ताटाच्या बुडाने उमटले आहे आणि ते एका दिवसात उमटलेले नाही.

नागपूर शहरात १५ ते २१ मार्च २०२१ या काळात कडक टाळेबंदी होती. त्याच सुमारास या घरातले आबाजी, जे निवृत्त शिक्षक आहेत, कोरोनाने आजारी पडले आणि मधल्या खोलीत वेगळे राहू लागले. सूनबाई ताट स्टूलवर ठेवीत, कडी वाजवीत आणि मागे सरत. पावलांचा आवाज दूर गेला, की आबाजी दार उघडून ताट आत घेत. पुढे आजार बरा झाला, सीताबर्डीच्या बाजारातली गर्दी परतली, तरी ताट स्टूलवरच येत राहिले आणि त्याबद्दल घरात कोणी विचारले नाही, कारण ते आता कोणाच्या नजरेला खुपतच नव्हते.

ठरावीक जागा, ठरावीक वेळ आणि ठरावीक खूण यांच्याशी एखादी कृती जोडली गेली, की ती विचार न करता घडू लागते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले. माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगळा होता. त्या लोकांनी आपापली कृती स्वतः निवडली होती. आबाजींनी काहीही निवडले नव्हते, आणि म्हणूनच आपल्याला सवय लागली आहे हे त्यांना उमगले नाही.

"आबाजी, तुम्ही आमच्यासोबत का नाही जेवत?" असे नातीने एकदा विचारले. त्यावर आबाजींनी लगेच सवय मोडली नाही, तर आठवडाभर ती लिहून काढली, आणि आम्हाला हेच सर्वांत मोलाचे वाटते. त्यांच्या वहीतले हे पान पाहा: "सोमवार. कडी वाजली, उठलो. मंगळवार. भूक नव्हती, तरी कडी वाजताच उठलो. गुरुवार. गोळाभात होता. कसा झाला होता, हे कोणाला सांगितले नाही."

मधल्या काळात घरातले बोलणे कमी झाले होते.

आता पाने स्वयंपाकघरात एकत्र वाढली जातात आणि स्टूलवर नात बसते. जेवताना बाहेरच्या दाराची कडी वाजली, तर आबाजी अजूनही अर्धे उठतात, आणि मग पुन्हा पाटावर बसतात.