एक बाइट, अनेक पत्ते

(पडद्यावर: झाकण काढलेला सर्व्हर. कॅमेरा एसएसडीवरून जीपीयू कार्डाकडे सरकतो.)

एसएसडीवरचा डेटा या जीपीयूला हवा आहे. नेहमीची वाट अशी: एसएसडीतून रॅममध्ये, मग रॅममधून जीपीयूत. दोन्ही खेपा डीएमएच्याच, म्हणजे उपकरणच थेट मेमरीत लिहितं-वाचतं, प्रोसेसर स्वतः बाइट वाहत नाही. तरीही एकाच डेटासाठी रॅमला दोनदा राबावं लागतं. मधला थांबा टाळायचा तर एसएसडीने थेट जीपीयूच्या मेमरीत लिहायला हवं. याला पीअर-टू-पीअर डीएमए म्हणतात. दोन्ही कार्डं पीसीआय एक्सप्रेसने, म्हणजे उपकरणं जोडणाऱ्या मार्गाने (बसने), जोडलेली आहेतच. अडतं ते पत्त्यावर.

(पडद्यावर: टर्मिनल. पीसीआय उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआय कमांडचं उत्तर. एका ओळीवर ठळक चौकट.)

ही ओळ नीट बघा. 'रीजन' या शब्दापुढे एक लांबलचक आकडा आणि शेवटी आकार: 256 एमबी. हा जीपीयूचा बार, म्हणजे बेस ॲड्रेस रजिस्टर. कार्डाची मेमरी बाहेरच्यांना दिसते ती या खिडकीतून. कार्डावर 8 जीबी असली, तरी जुन्या कार्डांवर खिडकी बहुधा एवढीच असायची. रिसायझेबल बारमुळे ती मोठी करता येऊ लागली.

आता या खिडकीतला एकच बाइट घ्या. प्रोग्रॅम त्याला व्हर्च्युअल पत्त्याने ओळखतो, प्रोसेसर फिजिकल पत्त्याने, बसवरची उपकरणं बस पत्त्याने. एकाच जमिनीला तलाठ्याकडे गट नंबर आणि नगरपालिकेकडे मालमत्ता क्रमांक असावा, तसं हे. आपल्या घरगुती पीसीवर फिजिकल आणि बस पत्ता सहसा सारखाच असतो. काही यंत्रांत मात्र प्रोसेसर आणि बस यांना जोडणारा होस्ट ब्रिज मध्ये ठरावीक फरक घालतो, आणि पीसीवर व्यवस्थित चालणारा ड्रायव्हर तिथे चुकीच्या जागी लिहितो.

त्यात आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांचे पत्ते तपासून भाषांतर करणारा भाग, आला की आणखी एक पत्ता वाढतो. हा पहारेकरी हवाच. तो नसेल तर बिघडलेलं किंवा घातकी उपकरण रॅममध्ये कुठेही हात घालू शकतं. तो प्रत्येक उपकरणाला वेगळा नकाशा देतो आणि त्याबाहेरचं काही दाखवत नाही. पण तो बसतो वर, प्रोसेसरच्या बाजूला. खालच्या स्विचला, म्हणजे कार्डांमध्ये डेटाची पॅकेटं वळवणाऱ्या चिपला, त्याचा नकाशा माहीत नसतो. स्विच फक्त आकडा बघतो आणि तो ज्याच्या बारमध्ये बसतो त्याच्याकडे पॅकेट वळवतो. नकाशातला आकडा योगायोगाने शेजारच्या कार्डाच्या बारशी जुळला, तर रॅमसाठी निघालेला डेटा त्या कार्डात जाऊन पडेल! म्हणून लिनक्स कर्नल (या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पीसीआयच्या खिडक्यांचे आकडे नकाशात कुणालाच देत नाही. मला ही खबरदारी फार मोलाची वाटते, कारण ही चूक घडलीच तर कारण शोधणं महाकठीण.

(पडद्यावर: स्विचखाली दोन कार्डं, वर प्रोसेसर. बाण काढला जातो.)

डिसेंबर 2018 मध्ये लिनक्स 4.20 आलं, आणि त्यात कर्नल विकासक लोगन गनथॉर्प यांची पी-टू-पी-डीएमए यंत्रणा. ती आधी वाट तपासते. दोन्ही उपकरणं एकाच स्विचखाली असतील आणि स्विच पॅकेट वर वळवत नसेल, तर थेट बस पत्ता. वाट होस्ट ब्रिजमधून जात असेल, तर तो ब्रिज खात्रीच्या यादीत आहे का ते बघायचं. एएमडीचे झेन प्रोसेसर आणि इंटेलचे काही सर्व्हर प्रोसेसर त्या यादीत आहेत. नसेल तर सरळ नकार, कारण दोन रूट पोर्टांमध्ये (प्रोसेसरच्या बाजूच्या जोडणीच्या दारांमध्ये) पॅकेट पोचवलंच पाहिजे असं पीसीआय एक्सप्रेसचं मानक सांगत नाही.

पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक आहे. जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या नोव्हेंबर 2020 च्या टॉप 500 यादीत तो 63 वा होता. तो एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए100 यंत्रांवर उभा आहे, आणि त्या यंत्रांत जीपीयू आणि नेटवर्क कार्डं एकाच स्विचखाली बसवलेली असतात. डेटा प्रोसेसरपर्यंत न चढता तिथल्या तिथे वळावा, यासाठीच ही मांडणी.

खरी ओढाताण व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका यंत्रात सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकात, होते. तिथे सुरक्षेसाठी एसीएस, म्हणजे स्विचमधलं प्रवेश-नियंत्रण, चालू असतं. ते प्रत्येक पॅकेट वर आयओएमएमयूकडे धाडतं, आणि जवळची वाट लांबते. बंद केलं तर वेग येतो, पण पहारा सुटतो. यावर उपाय एटीएसचा, म्हणजे ॲड्रेस ट्रान्सलेशन सर्व्हिसेसचा: उपकरण आयओएमएमयूकडून पत्त्याचं भाषांतर आधीच मागून घेतं आणि जवळ ठेवतं. असं पॅकेट 'भाषांतरित' अशी खूण घेऊन निघतं, आणि तशी परवानगी दिलेली असेल तर स्विच त्याला वर न पाठवता थेट शेजारी सोडतो. ही खूण खरी आहे, असं मात्र उपकरणाच्या शब्दावरच मानावं लागतं.