लाल फडकं, निळं फडकं

नमस्कार मंडळी. आज साफसफाईच्या धंद्याबद्दल बोलायचंय. आता म्हणाल, झाडू-पोछात काय बोलायचं? पण हा भलामोठा धंदा झालाय, आणि त्यातलं एक मोठं नाव पुण्याचंच, बीव्हीजी म्हणजे भारत विकास ग्रुप ही कंपनी, हणमंतराव गायकवाडांनी 1997 मध्ये सुरू केलेली, सुरुवात टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, कारखान्यातल्या साफसफाईपासून. मग हिंजवडी-खराडीला आयटीच्या काचेच्या बिल्डिंगा उठल्या, त्या पुसायला माणसं लागणारच की.

तर दिवाळीआधी आम्ही कोथरूडच्या घरी अशी टीम बोलावली. दोन पोरं आणि एक ताई. बाथरूमच्या टाइल्सवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, (टँकर-बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत चकचकीत काळ्या टाइल्स बसवणाऱ्या बिल्डरला एकदा स्वतः घासायला लावलं पाहिजे, असो.) आईनं लगेच बाबांचं जुनं बनियन काढून दिलं, "हे घ्या फडकं." ताई म्हणाल्या, "आजी, आमचं आहे. लाल संडासाचं, निळं काचेचं, हिरवं ओट्याचं." आई म्हणे, "आमच्याकडे चाळीस वर्षं बनियनच चाललंय!" मग तिनं देवघराच्या संगमरवरासाठी ॲसिडची बाटली आणली. ताईंनी ती हातातूनच घेतली. "आजी, ॲसिड दगड खातं, चमक जाईल." आई गप्प. आमची आई गप्प! बाबा पेपर बाजूला ठेवून बघायला आले.

चहाच्या वेळी त्या ताई सांगत होत्या, आधी चार घरची धुणीभांडी करायच्या, खाडा झाला की पैसे कट. आता पगारातून पीएफ जातो, ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड आहे, मुलाचा हात मोडला तेव्हा त्याच कार्डावर प्लास्टर झालं.

म्हणून सांगतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात स्वस्त कोटेशनला हात वर करण्याआधी त्या कंपनीकडे पीएफचं चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, मागा. पगारातून 12 टक्के कापतात तेवढेच मालकानंही भरायचे असतात, ईएसआयला मालकाचे 3.25 टक्के वेगळे, आणि रेट फारच खाली आला की बहुतेक वेळा हेच पैसे गायब असतात. पुन्हा सांगतो, पीएफचं चलन मागा.

आणि हो, आईनं आता घरच्या फडक्यांना रंगीत दोऱ्याचे टाके घातलेत. परवा मी ओट्याच्या हिरव्यानं स्कूटर पुसली, तेव्हापासून माझा चहा बंद आहे.