रविवार, रामटेक आणि दुसरा डबा

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि या थंडीत मफलर गुंडाळून इथवर आलेली मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव ‘चांगुलपणाचं वेळापत्रक’ असं छापलंय. काहींना वाटलं असेल, हा रिटायर माणूस सकाळी सात ते आठ प्राणायाम आणि आठ ते नऊ परोपकार, असं काहीतरी सांगणार. घाबरू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस दुसऱ्यासाठी थांबतो की नाही, हे त्याच्या मनापेक्षा त्याच्या मनगटावरच्या घड्याळावर जास्त ठरतं. याला माझ्याजवळ दोन पुरावे आहेत. एक मुंबईच्या गिरण्यांतला, दुसरा अमेरिकेतल्या पाद्र्यांच्या विद्यालयातला. दोन्ही आज सांगणार आहे. पण आधी रामटेकचं सांगतो, कारण रामटेकशिवाय ते नीट पचत नाहीत. चाळीस मिनिटं दिली आहेत, भरपूर झाली.

आता नागपूरच्या नवरा-बायकोंनी रविवारी जायचं कुठे, हा प्रश्न आपल्या पिढीनं केव्हाच सोडवून ठेवलाय. खिसा हलका असेल तर फुटाळ्यावर भुट्टा. पाहुणे असतील तर अंबाझरी. चतुर्थीच्या आसपास अदासा, आणि अदाशाला गेलात की परतताना धापेवाड्याचा विठोबा, कारण पंढरपूर लांब आहे आणि विठोबाला ते माहीत आहे. आणि जरा ऐसपैस दिवस असेल तर रामटेक. पन्नासेक किलोमीटर. कामठी, कन्हानचा पूल, मनसरला उजवीकडे वळलं की गड दिसायला लागतो.

रामटेक जोडप्यांचं ठिकाण कसं झालं, याचं मला नेहमी नवल वाटतं. आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे रामटेकच, असं साधार मांडलं. म्हणजे तो यक्ष इथलाच. कामात कसूर केली म्हणून मालकानं त्याला शिक्षा दिली, वर्षभर बायकोपासून दूर. आता ही शिक्षा होती की भरपगारी रजा, यावर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये अजून एकमत नाही. हसा, हसा. आमची सौ. तिसऱ्या रांगेत बसली आहे, ती हसत नाहीये हेही बघून घ्या.

तर प्रत्येक जोडप्यात एक थांबणारा असतो आणि एक पोहोचणारा. आमच्या घरी पोहोचणारा मी. नोकरीभर मी लोकांना वेळेवर पोहोचवायचंच काम केलं, त्यामुळे ते हाडात भिनलंय. ऊन चढायच्या आत गडावर, दहाला खाली, साडेदहाला खिंडसी तलावावर, जेवायला घरी, असा मी बेत आखतो. हिचा बेत डब्यात असतो. त्या रविवारी निघताना बघतो तर डबे दोन. एकात आमच्या दोघांपुरत्या सांबारवड्या, दुसऱ्यातही सांबारवड्याच. पुण्याहून कोणी आलं असेल तर सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीशी त्याचा संबंध नाही. मी विचारलं, दुसरा डबा कोणासाठी? ती म्हणाली, “असू द्या. कोणी भेटलं तर?”

कोण भेटणार? मी रामटेकला चाललोय, माणसांना भेटायला नाही. असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणण्याइतकं लग्न नवीन नव्हतं.

कन्हान ओलांडलं. पुढे रस्त्याच्या कडेला एक आजी हात दाखवत उभ्या. पायाशी पिशवी, काखेत पितळी डबा. समोरून एस.टी. खच्चून भरलेली, न थांबता गेली. ही म्हणाली, “अहो, थांबा.” माझी दयाबुद्धी जुन्या गाडीच्या ब्रेकसारखी आहे, दाबल्यावर जरा पुढे जाऊन लागते. तेवढं अंतर रिव्हर्समध्ये आलो. आजी लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. डब्यात डिंकाचे लाडू. “मनसरच्या अलीकडंच उतरवून द्या बाप्पा, देवानं धाडलं तुमाले.” बसल्या. मनसर जवळ आलं तसं मी विचारलं, आजी, कुठे? “हे काय जी, जरासं आत.” हायवे सोडला. जरासं आत म्हणजे किती, याचं विदर्भात मोजमाप नाही. डांबर संपलं. गिट्टी संपली. संत्र्याची वाडी लागली, तीही संपली. दर वळणावर आजी म्हणे, “हे काय, आलंच.” ही मागे वळून आजींशी गप्पा मारतेय, बाळाचं वजन किती, सासू कशी आहे. मी घड्याळ बघतोय.

घर आलं. मी गाडी बंदसुद्धा केली नव्हती. आजी खिडकीशी उभ्या. “उतरा ना जी. लेकीच्या दारातून कोणी चहा घेतल्याबिगर जाते काय?” आता सांगा, याला नाही कसं म्हणायचं? बाजेवर चादर अंथरली गेली. चहा आला, त्यात साखर अशी की चमचा उभा राहावा. बाळ दाखवायला आणलं. ही बाळाच्या मुठीत नोट ठेवते, आजी ती काढून हिच्या हातात देतात, ही परत ठेवते. ते बाळ बिचारं मूठ उघडून मिटून दमलं. दुसरा डबाही हिनं पुढे केला, तर आजी म्हणाल्या, बाळंतिणीला तळलेलं चालत नाही, घेऊन जा. म्हणजे डबा परत गाडीत. गडावर पोहोचलो तेव्हा ऊन व्यवस्थित चढलं होतं.

इथे थोडं विषयांतर करतो. माझा एक भाचा आहे. नवीन गाडी घेतली, आणि फोन करून सांगतो, मामा, सकाळी निघालो, शिर्डीला दर्शन घेतलं, रात्री झोपायला घरी. समृद्धी महामार्ग! आता रस्ता चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. त्यातला नागपूर-शिर्डी 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. पेशंटला घेऊन चाललेल्या माणसाला विचारा, तो त्या रस्त्याला हात जोडेल. पण मी भाच्याला विचारलं, वाटेत काय पाहिलंस? म्हणाला, काही नाही, क्रूझवर टाकली. कोण भेटलं? कोणी नाही. बरोबरच आहे. ताशी 120 ची मर्यादा, दोन्हीकडे कुंपण, दुचाकीला बंदी, पायी कोणी नाही. आजी हात दाखवत उभ्या राहतील कुठे? आणि राहिल्याच, तर त्या त्याला दिसेपर्यंत पुढचं गाव मागे पडलेलं असेल. हा भाचा वाईट मुलगा नाही हो. आमच्या गल्लीत तोच सगळ्यांचे सिलेंडर वर नेऊन देतो. पण 520 किलोमीटर जाताना आणि 520 येताना त्याला चांगलं वागायची एकही संधी मिळाली नाही. आणि दर्शन घेऊन आला! साईबाबा रस्त्याच्या कडेलाच बसायचे ना?

असो. हा माझा दुखरा विषय आहे, अध्यक्षांनी घड्याळ बघितलंय.

गडावर काय झालं ते थोडक्यात. रामटेकची वानरं तुम्हाला माहीत आहेत. आम्ही दर्शन घेऊन कठड्याशी बसलो, खाली अंबाळा तलाव दिसतोय, ही म्हणते काय छान वारा आहे, आणि एक वानर आमचा डबा उचलून शिखराकडे गेलं. झाकण त्यानं माझ्यापेक्षा लवकर उघडलं. तेव्हा दुसरा डबा निघाला. कोणी भेटलं तर म्हणून आणलेला. भेटलो आम्हीच.

आता खरी गोष्ट. गडावरून उतरलो, तर वाटेवर उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या बाया बसलेल्या. रामटेकचे तलाव आणि त्यातले धीवरांचे शिंगाडे, हिवाळ्यातलं आपलं वैभव. एकीकडून घेत होतो, तेवढ्यात चारेक वर्षांचं एक पोरगं रडत आलं. आई हरवली. रविवारची गर्दी, हजार माणसं. त्या मावशीनं इकडेतिकडे बघितलं, पोराचा हात धरला आणि हिला म्हणाली, “ताई, जरा बसा आमच्या जागी.” आणि गेली! ढीग तसाच, तराजू तसाच, पैशांचं फडकं तसंच. ओळख ना पाळख.

आमची सौ. पोत्यावर बसली. या बाईनं आयुष्यभर भाजीवाल्याकडून मूठभर सांबार फुकट घेतल्याशिवाय पिशवी उचललेली नाही. ती त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाला एक रुपया कमी करेना. सीताबर्डीच्या बायका होत्या, घासाघीस करण्यात मुरलेल्या. त्यांना म्हणते, “परवडत नाही हो ताई, पाण्यात उतरून काढावे लागतात.” कोण उतरलं होतं पाण्यात? मी तराजू धरला होता. मला काट्याकडे बघू देईना, पारडं गिऱ्हाइकाकडे झुकतंय असं म्हणून रागावली. मावशी परत आली तोवर अर्धा ढीग गेला होता. पोराची आई सापडली होती, खालच्या पार्किंगमध्ये. मावशीनं फडक्यातले पैसे मोजलेसुद्धा नाहीत. दोन ओंजळी शिंगाडे आमच्या पिशवीत टाकले. हिनं पैसे द्यायला हात पुढे केला तर मावशी म्हणाली, “तुमची मजुरी.” मग उरलेल्या वड्या तिघांनी खाल्ल्या. खिंडसी राहिली ती राहिलीच.

काय? दहा मिनिटं? चिठ्ठीवर दहा लिहिलंय की एक? पाच. बरं. मग आता पुरावे भराभर सांगतो.

पहिला. आपण रविवारी फिरायला जातो तो रविवार आकाशातून पडलेला नाही. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, यांनी 1884 मध्ये मुंबईत कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पगार. सहा वर्षं झगडले. 10 जून 1890 ला मालकांनी रविवार मान्य केला. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, हेही तेव्हा पुढे केलं गेलं. आपल्याकडे एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, तिच्या भोंग्यावर अर्धं नागपूर उठायचं. आता तिथे मॉल आहे आणि रविवारी तिथेच सगळ्यात जास्त लोक कामावर असतात. यावर वेगळं भाषण होईल. मुद्दा असा की लोखंडे नुसती झोप मागत नव्हते. हा एक दिवस देशबांधवांसाठी काही करायला मिळावा, असंही त्यांचं म्हणणं सांगितलं जातं. म्हणजे आधी वेळ, मग सेवा. क्रम बघा.

दुसरा. अमेरिकेत प्रिन्स्टनला पाद्री व्हायला शिकणारे विद्यार्थी. डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये छापलेला प्रयोग. चाळीस विद्यार्थ्यांना एकेक करून सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्या. काहींना विषय दिला बायबलमधला चांगला शोमरोनी, म्हणजे वाटेत घायाळ पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्याची गोष्ट. काहींना नोकरीच्या संधी हा विषय. वाटेत गल्लीत एक माणूस मुद्दाम बसवलेला, मान खाली, खोकतोय, कण्हतोय. कोण थांबलं? भाषणाच्या विषयानं लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो घाईनं. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांच्यातले 63 टक्के थांबले. बेताची घाई होती ते 45 टक्के. आणि ‘उशीर झालाय, पळा’ म्हटलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. शोमरोन्यावर भाषण द्यायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले!

तेव्हा माझा सिद्धांत असा की आपली माणसं बिघडली नाहीत, त्यांचं वेळापत्रक बिघडलंय. इथे मी टाळ्यांसाठी थांबणार होतो, पण हे सगळं काल रात्री सौ.ला वाचून दाखवलं, आणि तिनं एक शंका काढली. ती तिच्या नावावर इथे मांडतो, नाहीतर घरी जायची पंचाईत.

ती म्हणाली, रविवार सुट्टीचा तुमचा. त्या शिंगाडेवालीचा तो सगळ्यात घाईचा दिवस, आठवड्याची कमाई तेवढ्यातच. ढीग सोडून ती कशी गेली? मी म्हटलं, अपवाद. तर विचारते, “पळा म्हटलेली मुलं किती होती त्या प्रयोगात?” मी कागद बघितला. दहा होती. “म्हणजे दहा टक्के म्हणजे एक मुलगा. तो का थांबला? त्याला ऐकू कमी यायचं का?”

याचं उत्तर माझ्याजवळ आहे, पण त्याला आणखी अर्धा तास लागेल आणि अध्यक्ष उभे राहिले आहेत. ज्यांना फार घाई नसेल त्यांनी तिसऱ्या रांगेत विचारावं. बाकीच्यांसाठी खाली चहा आहे.