नॉरफोकचे ड्यूक आणि ड्यूक न झालेला फिलिप

नमस्कार मंडळी! ६ मे २०२३ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत चार्ल्स राजाचा राज्याभिषेक झाला, तो तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. त्या सोहळ्याची सरकारी आखणी अर्ल मार्शलकडे असते. म्हणजे अठरावे ड्यूक ऑफ नॉरफोक, एडवर्ड फिट्झॲलन-हॉवर्ड. हे पद त्यांच्या घराण्यात १६७२ पासून वंशपरंपरेनं आहे. राजा प्रोटेस्टंट चर्चचा प्रमुख, आणि त्याच्या अभिषेकाची व्यवस्था बघणारं घराणं कॅथलिक! हे कसं घडलं, ते आज बघू.

ड्यूक ऑफ नॉरफोक हा किताब आधी मोब्रे घराण्याकडे होता. तो वंश खुंटला आणि १४८३ मध्ये तिसऱ्या रिचर्डनं तो जॉन हॉवर्डला दिला. दोनच वर्षांनी बॉसवर्थच्या लढाईत राजा पडला, हॉवर्डही पडला. किताब जप्त, मुलगा कैदेत. तो मुलगा, थॉमस, सत्तरीत पोचल्यावर १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणांगणावर उतरला आणि त्यानं स्कॉटलंडचं सैन्य बुडवलं. स्कॉट राजा चौथा जेम्स तिथंच मारला गेला. पुढच्याच वर्षी किताब परत मिळाला. हॉवर्डांचं कुलचिन्ह बघा: स्कॉटलंडचा सिंह अर्धाच दाखवलाय आणि त्याच्या तोंडातून बाण आरपार गेलाय. तो मान फ्लॉडनचा.

तिसरा ड्यूक मला अजिबात आवडत नाही. आठव्या हेन्री राजाची राणी ॲन बोलिन, तिचा हा सख्खा मामा. १५३६ मध्ये तिच्या खटल्यात न्यायासनावर बसून भाचीला मृत्युदंड यानंच सुनावला. हेन्रीची आणखी एक राणी, कॅथरीन हॉवर्ड, ही या ड्यूकची पुतणी, तिचंही डोकं उडवलं गेलं. जानेवारी १५४७ मध्ये ड्यूकचा स्वतःचा मुलगा, कवी हेन्री हॉवर्ड, वधस्तंभावर गेला. मग बापाची पाळी आली, आणि नेमका त्याच्या आदल्या रात्री आठवा हेन्री वारला! काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. हा गृहस्थ पुढे अंथरुणात मेला.

त्याचा नातू, चौथा ड्यूक, स्कॉटलंडच्या मेरी राणीशी लग्न करायला निघाला आणि कटात अडकला. १५७२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. किताब पुन्हा गेला, तोही ८८ वर्षांसाठी.

आता ज्याच्यासाठी मी हा व्हिडिओ करतोय, तो माणूस. चौथ्या ड्यूकचा मुलगा फिलिप हॉवर्ड. ड्यूकपद त्याला मिळालंच नाही. आजोळकडून ॲरंडेलची जहागीर तेवढी मिळाली. तरुणपणी एलिझाबेथच्या दरबारात तो चैन करत होता. १५८१ मध्ये लंडन टॉवरमध्ये एडमंड कॅम्पियन या कैदी कॅथलिक पाद्र्याचा धर्मावरचा वाद त्यानं ऐकला आणि त्याचं मन पालटलं. १५८४ मध्ये तो कॅथलिक झाला. पुढच्या वर्षी देश सोडून निघाला तर समुद्रातच पकडला गेला. त्यानंतर काही महिन्यांनी त्याला मुलगा झाला. त्या मुलाचं तोंड त्याला कधीच बघायला मिळालं नाही.

मृत्युदंड ठोठावला होता, पण तो अमलात आणला नाही, आणि सुटकाही केली नाही. दहा वर्षांहून अधिक काळ टॉवरमध्ये काढून १५९५ मध्ये तो आजारानं तिथंच गेला. श्रद्धा सोडली नाही. त्याच्या पूर्वजांनी राजाची मर्जी राखण्यासाठी काय काय केलं ते आत्ताच ऐकलंत. त्यांच्यापुढे हा माणूस मला फार मोठा वाटतो.

१६६० मध्ये किताब परत मिळाला तो याच फिलिपच्या पणतूला. मात्र या घराण्यातल्या कॅथलिक ड्यूकांना लॉर्ड्सच्या सभागृहात बसायला १८२९ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. फिलिपला १९७० मध्ये पोपनं संत घोषित केलं. त्याच्या अस्थी ॲरंडेलच्या कॅथीड्रलमध्ये आहेत.

लंडनला गेलात तर टॉवरमध्ये कोहिनूरच्या रांगेत तुम्ही उभे राहणारच. त्यानंतर थोडा वेळ काढून बीचम टॉवरमध्ये जा. चुलाण्याच्या वर दगडात फिलिपनं स्वतः कोरलेली लॅटिन ओळ आहे: ख्रिस्तासाठी या जगात जितकं दुःख सोसावं, तितकं परलोकात त्याच्यासोबत वैभव. खाली साल आहे १५८७.