सवयीचे टर्मिनल आणि घरचे लिनक्स

मित्रहो, विंडोजच्या संगणकावर डब्ल्यूएसएल या विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या सोयीने लिनक्स बसवून झाले की एक प्रश्न अनेकांना पडतो: दूरच्या सर्व्हरवर काम करताना मी दिवसभर पुट्टी या टर्मिनल प्रोग्रामची जी खिडकी वापरतो, तीच या घरच्या लिनक्ससाठी का वापरू नये? वापरता येते. मात्र ती कशी जोडायची हे ठरवण्याआधी टर्मिनल वेगळे आणि शेल वेगळे, हे ध्यानात घ्यावे लागते. बोलताना आपण दोहोंची सरमिसळ करतो.

टर्मिनल हे एकेकाळी खरोखरीचे यंत्र होते. डीईसी कंपनीने १९७८ साली आणलेल्या व्हीटी१०० या यंत्राला स्वतःचा पडदा आणि कळफलक होता, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला संगणक असे. त्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी मावत. पुट्टीची खिडकी मुळात आजही तेवढीच उघडते. आजचे टर्मिनल म्हणजे तशा यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. अक्षरे रंगवावीत आणि दाबलेल्या कळा पलीकडे कळवाव्यात, एवढे त्याचे काम. आज्ञेचा अर्थ लावणारा शेल, इथे बॅश, पलीकडे बसलेला असतो. त्यामुळे खिडकीची निवड हा बहुतांशी हाताच्या सवयीचा प्रश्न आहे. माउसचे उजवे बटण दाबले की मजकूर चिकटतो, ही पुट्टीची रीत ज्याच्या बोटांत मुरली आहे, त्याच्यासमोर त्याच बटणाने मेनू उघडला तर तो वैतागतो, आणि त्या वैतागाला मी क्षुल्लक मानत नाही.

आता जोडणीकडे वळू. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली जाहीर केलेल्या डब्ल्यूएसएलच्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सच्या सिस्टम कॉलचे, म्हणजे प्रोग्राम प्रणालीच्या गाभ्याकडे करतात त्या मागण्यांचे, विंडोजच्या भाषेत रूपांतर होत असे. २०१९ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत खरे लिनक्स कर्नल, म्हणजे तो गाभाच, एका हलक्या आभासी यंत्रात चालते. पुट्टी एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या यंत्रात शिरण्याच्या कूटबद्ध वाहिनीने बोलते, म्हणून त्या लिनक्समध्ये ओपनएसएसएच सर्व्हर बसवावा लागतो आणि पुट्टीत यजमानाच्या जागी लोकलहोस्ट, म्हणजे ‘हेच यंत्र’, असे लिहावे लागते. इथे पहिला अडथळा येतो. एसएसएचचा ठरलेला पोर्ट, म्हणजे जोडणी स्वीकारण्याच्या दाराचा क्रमांक, २२. विंडोजचा स्वतःचा एसएसएच सर्व्हर चालू असेल तर तो आधीच त्या पोर्टवर बसलेला असतो, आणि आपण लिनक्सचे नाव व पासवर्ड विंडोजच्या दारात सांगत राहतो. पासवर्ड बरोबर असूनही नकार का येतो, हे शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. लिनक्सच्या सर्व्हरला २२२२ असा वेगळा पोर्ट द्यावा आणि त्याला १२७.०.०.१ याच, म्हणजे लोकलहोस्टच्या, पत्त्यावर ऐकायला बसवावे, म्हणजे बाहेरच्या जाळ्याला तो दिसणार नाही. उबंटू २४.०४ मध्ये एसएसएच सॉकेटमार्फत, म्हणजे पोर्टवर जोडणी आली की, सुरू होते, त्यामुळे सेटिंग बदलल्यावर सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला फाइली पुन्हा वाचायला लावून ते सॉकेटही पुन्हा सुरू करावे लागते. एरवी पोर्ट जुनाच राहतो.

दुसरी अडचण अधिक चकवणारी आहे. सिस्टमडीच्या सेवा चालू असल्या म्हणून डब्ल्यूएसएल जागे राहत नाही, असे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातच नमूद आहे. एसएसएच सर्व्हर हीसुद्धा अशीच एक सेवा, त्यामुळे विंडोजकडून उघडलेले शेवटचे सत्र बंद केले की थोड्याच वेळात सगळे लिनक्स मिटते आणि पुट्टीतले चालू काम मध्येच तुटते. उपाय म्हणून कोपऱ्यात एक डब्ल्यूएसएलची खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि तेव्हा हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडावा.

माझे मत विचाराल तर एकाच यंत्राच्या आत बोलण्यासाठी कूटबद्ध वाहिनी उभारणे म्हणजे शेजारच्या खोलीत रजिस्टर टपाल पाठवणे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून कॉनपीटीवाय ही सोय आली, आणि कोणत्याही टर्मिनलला बॅशशी थेट जोडून घेणे सोपे झाले. त्याआधी इतरांच्या टर्मिनलांना एक लपवलेली कन्सोल खिडकी ठेवून तिच्यावरची अक्षरे खरवडून आणावी लागत. आता विंडोज टर्मिनल घ्यावे, किंवा मिनटी या टर्मिनलवर बेतलेले डब्ल्यूएसएलटीटीवाय. उजव्या बटणासारख्या सवयी त्यांच्या सेटिंगमध्ये बऱ्याच अंशी जुळवता येतात. ज्यांच्या पुट्टीत कामाची पन्नास सत्रे साठवलेली आहेत आणि घरचे लिनक्स त्याच यादीत हवे आहे, त्यांनी एसएसएच खुशाल वापरावे. फक्त कनेक्शनखालच्या डेटा या पानावर टर्मिनलचे नाव एक्सटर्म-२५६कलर असे करावे, म्हणजे व्हिम या संपादकातले रंग फिके पडणार नाहीत.

देवनागरीबाबत मात्र खिडकी कोणती, याने फरक पडतो. टर्मिनल अक्षरे चौकटीत मांडते, आणि ‘स्त्री’ हे एक जोडाक्षर युनिकोडमध्ये सहा संकेतांचे असते. त्याला किती चौकटी द्यायच्या, याबद्दल शेल आणि खिडकी यांचे हिशेब जुळले नाहीत की कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे दिसते. पुट्टीत अरबी अक्षरांच्या जोडणीची तजवीज आहे, देवनागरीची नाही. मराठी मजकूर लिहायचा असेल तेव्हा मी बॅशमध्ये एक्स्प्लोरर डॉट ईएक्सई लिहून पुढे जागा सोडून टिंब देतो. चालू फोल्डर विंडोजमध्ये उघडते, आणि फाइल नेहमीच्या संपादकात उघडता येते.